मनाच्या कचेरीतील कज्जा

कौटुंबिक न्यायालयाचा हुकूमनामा हाती पडला, पोटगीचा आकडा ठरला, शिधापत्रिकेवरील नाव कमी झाले, तरी घटस्फोटित माणसाच्या मनातील कज्जा निकाली निघत नाही. तेथे फिर्यादी तोच, आरोपी तोच आणि मुन्सफही तोच असून, ‘मीच कमी पडलो’ या एकाच कलमाखाली रोज रात्री नवी सुनावणी लागते. अशा माणसाला ‘स्वतःशी थोडे ममतेने वागा’ असे कोणी सुचविले, की घरातील वडीलधारी मंडळी नाराज होतात. त्या नाराजीमागे जे समज आहेत त्यांची वस्तुस्थितीशी रुजवात घालून पाहिली पाहिजे.

पहिला आणि सर्वांत चिवट समज असा, की स्वतःशी ममतेने वागणे म्हणजे स्वतःची कीव करणे. टेक्सस विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन नेफ यांनी २००३ मध्ये स्वतःविषयीच्या करुणेच्या या वृत्तीची तीन अंगे मांडली: स्वतःशी कठोरपणाऐवजी मायेने वागणे, आपले दुःख हा मनुष्यमात्राच्या दुःखाचाच अंश आहे हे ओळखणे, आणि वेदना न दडपता व न फुगविता जशी आहे तशी पाहणे. कीव करणाऱ्याची कैफियत ‘हे माझ्याच नशिबी का’ एवढीच असते, आणि दुसरे अंग नेमके तेवढेच अमान्य करते.

ही वृत्ती घटस्फोटितांच्या कामी येते का, हेही पाहिले गेले आहे. ॲरिझोना विद्यापीठातील संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात, सरासरी तेरा वर्षांहून अधिक काळ संसार करून विभक्त झालेल्या १०९ स्त्रीपुरुषांना आपल्या ताटातुटीविषयी चार मिनिटे मनात येईल ते ध्वनिमुद्रकापुढे बोलावयास लावले, आणि चार परीक्षकांनी ते बोलणे ऐकून त्यात स्वतःविषयीची करुणा कितपत आहे हे ठरविले. ज्यांच्या बोलण्यात ती अधिक होती, ‘चुकलो खरे, पण त्या वेळी जेवढे उमजले तेवढे केले’ असा काहीसा ज्यांचा सूर होता, त्यांच्या दैनंदिन जीवनात ताटातुटीच्या विचारांची घुसखोरी कमी आढळली, आणि हा फरक नऊ महिन्यांपर्यंत टिकला. करुणेनेच तो घडविला असे एवढ्यावरून सिद्ध होत नाही, हे खरे. परंतु चार मिनिटांच्या बोलण्यातून पुढच्या नऊ महिन्यांची चाहूल लागावी, ही गोष्ट मला क्षुल्लक वाटत नाही. (आपल्या हिंदू विवाह कायद्याच्या १३-ब कलमात संमतीच्या घटस्फोटासाठी सहसा सहा महिने थांबण्याची तरतूद आहे, मनाच्या कज्ज्याला अशी मुदत कोणीच घालून दिलेली नाही.)

दुसरा समज, धाक सुटला की माणूस बेफिकीर होतो. बर्कली येथे ज्युलियाना ब्राइन्स व सेरेना चेन यांनी २०१२ मध्येच प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात अवघड परीक्षेत अपयश आलेल्या विद्यार्थ्यांपैकी ज्यांना स्वतःकडे सहानुभूतीने पाहावयास सांगितले होते, ते पुढील परीक्षेसाठी इतरांपेक्षा अधिक वेळ अभ्यासाला बसले. शिक्षेच्या भयाने चूक लपविली जाते. भय ओसरले की तिची कबुली देता येते, आणि कबुलीवाचून सुधारणा नाही.

ही आत्मप्रौढी आहे, हा आक्षेप तर क्षणभरही टिकत नाही, कारण प्रौढी मिरविण्यास यश लागते, आणि संसार मोडलेल्याजवळ त्या घडीला नेमके तेच नसते.

ज्यांना स्वतःशी ममतेने वागून पाहावयाचे असेल त्यांनी हाच प्रसंग धाकट्या बहिणीवर ओढवला असता तर तिला काय लिहिले असते ते कागदावर उतरवावे, आणि मायन्यात तिच्या जागी आपले नाव घालून ते पत्र वाचावे. प्रथम ते कृत्रिम वाटेल, वाटू द्यावे. मात्र हे सर्व एकट्यानेच निभावले पाहिजे, हाही एक गैरसमजच आहे: आठवडेच्या आठवडे झोप नाही, अन्नावर वासना नाही, जगणे नकोसे झाले आहे, अशी अवस्था असेल तर वैद्यकीय मदत घेण्यास विलंब करू नये, केंद्र सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो आणि त्यावर बोलण्यास शुल्क पडत नाही.