धूळ जाते कुठे?

दिवाळीच्या आधीचे पंधरा-वीस दिवस आमच्या रिसोडकडे सोयाबीनचे असतात. थ्रेशर चालतात शेतात, पण त्यांची भुकटी वाऱ्यावर बसून गावात येते. खिडकीच्या गजांवर, पंख्याच्या पात्यांवर, अंथरुणाच्या घडीत तिचा थर बसतो. दम्याच्या माणसांना हे दिवस फार जड जातात. माझ्या मोठ्या आपा त्यांतल्याच. डॉक्टरांनी त्यांना बजावलं, ‘झाडू हातात घ्यायचा नाही.’ सांगायला सोपं आहे. मग घर झाडायचं कुणी, आणि दुसरं कुणी झाडत असताना आपांनी जायचं कुठं? शेवटी व्हॅक्यूम क्लीनर घ्यायचं ठरलं आणि चौकशीचं काम माझ्याकडे आलं. कवितेच्या माणसाला यंत्रातलं काय कळणार, असं दुकानदाराच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं. पण गिऱ्हाइकाला फक्त प्रश्न विचारता यावे लागतात.

आधी झाडूचं बघू. झाडूला कमी लेखायची माझी इच्छा नाही. गाडगेबाबांच्या खराट्यानं ज्या वऱ्हाडाला शिकवलं, तिथं तसं कुणी करणारही नाही. पण झाडू केर गोळा करतो आणि बारीक धूळ उडवतो, ही दोन्ही कामं एकाच वेळी होतात. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉन जाडीचा असतो. त्याच्या सातव्या हिश्श्याएवढा, म्हणजे दहा मायक्रॉनचा कण हवेत उडाला, तर माणसाच्या डोक्याच्या उंचीवरून खाली यायला त्याला दहाएक मिनिटं लागतात. एक मायक्रॉनचा कण मात्र बंद खोलीतसुद्धा पंधरा-सोळा तास तरंगतो. सकाळी झाडलेली धूळ रात्री श्वासात जाते ती अशी. आणि छातीत खोल उतरतात ते हेच बारीक कण.

या यंत्राचा जन्मही एका धापेतूनच झाला. १९०१ साली लंडनमध्ये ह्यूबर्ट सेसिल बूथ या इंजिनिअरनं धूळ फुंकून उडवणारं एक यंत्र पाहिलं आणि त्याच्या मनात आलं, फुंकण्याऐवजी शोषली तर? त्यानं एका उपाहारगृहात खुर्चीच्या गादीवर रुमाल ठेवला, त्याला तोंड लावून जोरात श्वास ओढला आणि ठसका लागून बेजार झाला. पण रुमालाच्या खालच्या बाजूला काळा डाग उमटला होता! त्याचं यंत्र घोडागाडीवर असायचं. ते रस्त्यात उभं राही आणि नळ्या खिडक्यांतून घरात जात. घरात मावणारं यंत्र १९०७ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यात जेम्स मरे स्पँग्लर यानं जुळवलं. तो एका दुकानात झाडलोट करायचा आणि त्याला दमा होता. पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा, एवढंच त्याचं सामान. १९०८ मध्ये त्याला पेटंट मिळालं आणि हक्क हूव्हर यांच्याकडे गेले. नाव झालं हूव्हरचं. झाडणाऱ्याचं नाव मागं पडावं, यात नवल काही नाही.

१९२१ मध्ये स्वीडनच्या इलेक्ट्रोलक्सनं आडवं, जमिनीवरून ओढत न्यायचं यंत्र काढलं. आज दुकानात डब्यासारखं, चाकं असलेलं आणि लांब लवचीक नळीचं जे मिळतं, ते त्याच घराण्यातलं. आपल्याकडे १९८२ साली त्याच इलेक्ट्रोलक्सनं आणि टाटा समूहातल्या फोर्ब्सनं मिळून युरेका फोर्ब्स सुरू केली. टाय लावलेली तरुण मुलं शहराशहरांत दार वाजवू लागली. नळीच्या मधे पांढरं फडकं ठेवून ती तुमच्या स्वच्छ गादीतली काळी धूळ दाखवीत. बूथचाच तो रुमाल!

फडक्यावरचा डाग पाहून गिऱ्हाईक गार होतं, पण त्यातून कळतं एवढंच की यंत्र धूळ ओढतं. मला विचारायचं होतं, ओढलेली धूळ जाते कुठे? यंत्र जेवढी हवा आत घेतं तेवढी मागच्या जाळीतून बाहेर सोडतं. मधलं गाळणं साधं असेल तर जाड कचरा आत राहतो आणि बारीक भुकटी खोलीत परत येते, तीही जोरानं. दम्याच्या माणसाला हे यंत्र झाडूपेक्षा बरं म्हणता येणार नाही.

दुकानदार मात्र पहिल्यांदा वॅट सांगतो. ‘सोळाशे वॅट आहे साहेब, पॉवरफुल!’ वॅट म्हणजे यंत्र वीज किती खातं. बैल कडबा किती खातो यावरून तो किती नांगरतो हे ठरत नाही. युरोपीय संघानं २०१४ मध्ये सोळाशे वॅटच्या वरच्या घरगुती यंत्रांना आणि २०१७ मध्ये नऊशेच्या वरच्यांना बंदी केली. तिथले गालिचे काही मळके राहिले नाहीत, कंपन्यांनी यंत्रं सुधारली. विचारायचं ते शोषण, म्हणजे किती किलोपास्कल. खरं तर यंत्र ओढत नाहीच. ते आतला दाब कमी करतं आणि बाहेरची हवा धुळीला आत ढकलते. हवेचा दाब सुमारे १०१ किलोपास्कल. चांगलं घरगुती यंत्र त्यातला वीसेक किलोपास्कल उतरवतं. त्याबरोबर हवा किती वाहते तेही पाहावं. नळीच्या तोंडावर तळहात दाबला की शोषण सर्वांत जास्त होतं, पण वाहणारी हवा शून्य आणि सफाईही शून्य.

आता गाळणं. खोक्यावर ‘हेपा’ असं लिहिलेलं असतं. खरं हेपा गाळणं ०.३ मायक्रॉनचे शंभरांतले ९९.९७ कण अडवतं. युरोपच्या मोजणीत एच-१३ या वर्गाला ९९.९५ लागतात. ०.३ हाच आकार का? मोठे कण धाग्यांवर आदळतात. त्याहून बारीक कण हवेत थरथरत भरकटतात आणि कुठं ना कुठं चिकटतात. मधल्या आकाराचे निसटायला सर्वांत पटाईत, म्हणून परीक्षा त्यांची. खोक्यावर ‘हेपा टाइप’ असेल तर ते हेपा नव्हे. आणि गाळणं अस्सल असूनही त्याच्या कडेची रबरी पट्टी सैल असली तर हवा बाजूनं पळते. महिनाभर वापरल्यावर मागच्या जाळीवर ओलं पांढरं फडकं फिरवून बघा. काळं झालं तर पट्टी तपासायला हवी.

पिशवीचं घ्यावं की बिनपिशवीचं? बिनपिशवीचं कसं चालतं ते समजायला डाळमिलवरचा पत्र्याचा उलटा शंकू आठवा. हवा त्यात गरगर फिरते, भुकटी कडेला आपटून खाली पडते. जेम्स डायसन यांनी अशाच, लाकडाच्या गिरणीतल्या शंकूवरून कल्पना घेतली आणि १९९३ मध्ये स्वतःचं यंत्र बाजारात आणलं. पिशवीचा खर्च वाचतो, पण डबा उपडा करताना ढग उठतो आणि तो तोंडावर येतो. कापडी पिशवी झटकतानाही तेच. म्हणून दमा असलेल्या घरात मी तोंड बंद होणाऱ्या, फेकून द्यायच्या कागदी पिशवीच्या बाजूचा आहे. अट एकच, ती पिशवी आपल्या गावात किंवा निदान वाशीम-अकोल्यात मिळाली पाहिजे. यंत्राबरोबरच वर्षभराच्या पिशव्या घेऊन ठेवाव्यात. डब्याचंच घ्यायचं असेल तर तो अंगणात, वाऱ्याकडे पाठ करून, ओल्या कागदात रिकामा करावा, आणि रुग्णानं तिथं थांबू नये.

एक गोष्ट दुकानदार सांगणार नाही. घरात नुसती फरशी असेल तर यंत्राची गरज फारशी नाही. ओल्या फडक्यानं धूळ उडत नाही आणि पैसेही पडत नाहीत. यंत्र लागतं ते गादी, सोफा, पडदे, सतरंजी आणि जानमाज यांच्यासाठी. गादीत डोळ्यांना न दिसणारे किडे असतात, पाव ते तृतीयांश मिलिमीटरचे. त्यांच्या विष्ठेनं दमा चाळवतो. यंत्र ती विष्ठा बरीच ओढतं, जिवंत किडे मात्र धाग्यांना धरून राहतात. त्यांना कोरडेपणा सोसत नाही, तेव्हा वैशाखात गच्चीवर गाद्या टाकायची आपली रीतही चालू ठेवावी. आणि यंत्र आलं म्हणून डॉक्टरांनी दिलेला पंप बंद करू नये.

डब्याच्या यंत्राचा फायदा असा की जड मोटर जमिनीवर राहते, हातात फक्त हलका दांडा. वाकावं लागत नाही, पलंगाखाली पोचतो. बॅटरीवरची काठीसारखी यंत्रं दिसायला देखणी, पण मोटर आणि बॅटरी दोन्ही मनगटावर. साध्या कोरड्या यंत्रानं पाणी ओढू नये. ऊद-लोबानची निखारा असलेली राख तर मुळीच नाही.

विजेचा खर्च किरकोळ आहे. चौदाशे वॅटचं यंत्र वीस मिनिटं चालवलं तर अर्ध्या युनिटहून थोडं कमी. पण ते सहा अँपिअर ओढतं, म्हणून बारीक वायरच्या एक्स्टेन्शनवर नको. आणि घरचा आठ-नऊशे व्हीएचा इन्व्हर्टर त्याला पुरत नाही. वीज गेली की यंत्र थांबलं.

दुकानात जाताना खिशात घरचीच धुळीची पुडी न्यावी, कुटाराचा चुरा आणि कपाटामागची बारीक भुकटी. दुकानातल्या फरशीवर ती टाकायला सांगितलं तर मालक तोंड वाकडं करेल, करू द्यावं. यंत्र चालू झालं की सगळे पुढच्या ब्रशकडे बघतात, तेव्हा आपण मागच्या जाळीपाशी उभं राहावं. धुळीचा वास आला तर पुढचं यंत्र दाखवायला सांगावं. पसंत पडलं तर पावतीवर पिशवीचा आणि गाळण्याचा नंबर लिहून घ्यावा.