उलटलेले आकडे

बँकेत नोकरीला लागलो त्या पहिल्याच वर्षी एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी मला एक युक्ती शिकवली. संध्याकाळी खतावणीचा मेळ बसेना की प्रथम फरकाला नऊने भागून पाहायचे. पूर्ण भाग गेला, तर बहुधा कोणीतरी आकडे उलटे लिहिलेले असतात. ६३ च्या जागी ३६ पडले की फरक २७. ८१ च्या जागी १८ पडले की फरक ६३. संगणक येण्यापूर्वीच्या त्या काळात या युक्तीने आम्हाला कित्येकदा वेळेवर घरी पोहोचवले.

ही चूक मी इतरांच्या वहीत क्षणात ओळखत असे. माझ्याच घरातील एका मुलाच्या वहीत मात्र ती अनेक वर्षे पाहूनही मी तिला धांदरटपणा म्हणत राहिलो.

तो माझ्या पुतण्याचा मुलगा. आमचे कुटुंब सांगलीचे, एकत्र, हळदीच्या अडत व्यापारातले. मी एकटाच नोकरीत गेलो, त्यामुळे मुलांचा अभ्यास घेण्याचे काम आपोआप माझ्याकडे आले. या मुलाने नवव्या वर्षी भक्तामर स्तोत्राचे ४८ श्लोक आजीच्या तोंडून ऐकून पाठ केले होते. पाठशाळेत त्याचे कौतुक होई. पण तेच स्तोत्र छापील पुस्तकातून वाचायला दिले की दुसऱ्याच शब्दावर गाडी अडे. दुकानात हळकुंड मोडून, त्याचा रंग आणि वास पाहून तो मालाची प्रत सांगे, आणि शाळेत 'हळद' या शब्दातील अक्षरांची जागा चुकवी. बुद्धी आहे, अभ्यासाची आवड नाही, असा निष्कर्ष आम्ही काढला आणि शिकवणी लावली. एक पुरेना म्हणून दुसरी लावली.

शाळेत त्याचे काय होत होते, हे त्याने मला फार उशिरा सांगितले. धडा ओळीने वाचायला लावत. आपल्या वाट्याला कोणता परिच्छेद येईल हे तो बाके मोजून आधीच हेरून ठेवी आणि शेजारच्या मित्राकडून हळूच ऐकून पाठ करी. मध्येच कोणी गैरहजर निघाले की हिशेब चुके. मग पोटात दुखे. पोटदुखी खोटी नव्हती, असे तो आजही सांगतो. फळ्यावरचे उतरवून होण्याआधी फळा पुसला जाई, त्यामुळे वह्या अपूर्ण, आणि वह्या अपूर्ण म्हणून तो वर्गाबाहेर उभा. सहावीत एका शिक्षकांनी त्याची वही साऱ्या वर्गाला वाचून दाखवली. मुले हसली, तोही हसला. "आप्पा, हसलो नसतो तर रडलो असतो," तो मला म्हणाला. ही गोष्ट ऐकेपर्यंत पाच वर्षे होऊन गेली होती. त्या पाच वर्षांत मी त्याला किती वेळा ओरडलो, याची नोंद कोणत्याच वहीत नाही.

आठवीत मराठी शिकवायला आलेल्या बाईंच्या लक्षात आले, की हा मुलगा तोंडी उत्तरे वर्गात सर्वांत नेमकी देतो आणि लेखी उत्तरपत्रिका कोरी ठेवतो. त्यांनी पुतण्याला आणि सूनबाईंना बोलावून तपासणी करून घ्या, असे सुचवले. 'अध्ययन अक्षमता' हा शब्द आमच्या घरात त्या दिवशी प्रथम उच्चारला गेला.

रात्री घरात बैठक झाली. थोरल्या नातीसाठी स्थळे पाहायला नुकतीच सुरुवात झाली होती. भावाला शासकीय रुग्णालयाच्या शिक्क्याचा दाखला म्हणजे कायमचा कलंक वाटला. समाज लहान आहे, कोणाच्या घरात काय चालले आहे हे चार दिवसांत सर्वांना कळते. माझे मत विचारले गेले. घरात शिकलेला म्हणून माझ्या शब्दाला वजन होते. मी म्हणालो, "घाई नको, दहावीच्या वेळी पाहू." या एका वाक्याने त्या मुलाचे सव्वा वर्ष वाया गेले. ही जबाबदारी मी इतर कोणावर टाकू इच्छित नाही.

वस्तुतः महाराष्ट्र शासनाने अशा विद्यार्थ्यांसाठी परीक्षेतील सवलती १९९६ पासूनच सुरू केल्या होत्या, आणि देशात असे करणारे हे पहिले राज्य. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने ज्या २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांना मान्यता दिली, त्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट, या गोष्टी त्या कायद्याच्या कलमात लिहिलेल्या आहेत. मी आयुष्यभर परिपत्रके वाचली. हे एकही वाचले नव्हते.

२०१८ च्या आरंभी, तो नववीत असताना, अखेर तपासणी झाली. आधी डोळे आणि कान तपासले, कारण दिसण्या-ऐकण्यातील दोष प्रथम वगळावा लागतो. मग बुद्धिमापन, मग वाचन, लेखन व गणित यांच्या स्वतंत्र चाचण्या. चार खेपा घालाव्या लागल्या. बुद्ध्यंक सरासरीहून वरचा निघाला. वाचन मात्र तिसरीच्या पातळीचे आणि अंकलेखनही तसेच. सूनबाई दवाखान्याच्या बाकावर बसून रडल्या. दुःखाने नव्हे, मुलगा आळशी नाही हे कोणीतरी कागदावर लिहून दिले म्हणून.

त्यानंतर आठवड्यातून दोनदा एक विशेष शिक्षिका येऊ लागल्या. त्यांच्याकडून मी जे शिकलो ते मला महत्त्वाचे वाटते. आपल्या लिपीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी काढायची आणि उच्चार मात्र अक्षराच्या नंतर करायचा. घ आणि ध, भ आणि म यांत फरक जेमतेम एका रेघेचा किंवा गाठीचा. आणि आकडे! आपण 'त्रेसष्ट' म्हणतो तेव्हा तीन आधी ऐकू येतात आणि साठ नंतर. लिहिताना मात्र सहा आधी लिहायचे. ज्या मुलाच्या मनात क्रम आधीच घसरतो, त्याने ऐकल्याबरहुकूम ३६ लिहिले तर तो निदान प्रामाणिक तरी आहे. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'बरोबर 'वीस एक' असे वाचन सुचवले गेले, तेव्हा राज्यभर विनोदांचा पूर आला. आमच्या घरात त्या विनोदांना कोणी हसले नाही.

बाईंची साधने साधी होती. ताटात रांगोळी पसरून त्यावर बोटाने अक्षर गिरवणे, शब्दाचे तुकडे पाडून टाळीवर म्हणणे, वाचताना ओळीखाली पट्टी धरणे, गणितासाठी चौकटींची वही म्हणजे एकक-दशकाची घरे हलत नाहीत. निवृत्त झाल्यावर इतिहासाचे व विज्ञानाचे धडे मी मोबाइलवर वाचून ध्वनिमुद्रित करू लागलो. तो ते रात्री ऐके. श्लोक ऐकून पाठ करणाऱ्याला हे आधीच द्यायला हवे होते, पण ते आम्हाला सुचले नव्हते.

दहावीचा अर्ज भरताना पेच आला. बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचे अंकगणित आणि जोडीला कार्यानुभवाचा विषय घेण्याची मुभा होती. पुतण्याला ती सोयीची वाटली. मुलाने नकार दिला. "दुकान मला चालवायचंय. गणित येतं मला, आकडे लिहिता येत नाहीत. कॅल्क्युलेटर द्या, वेळ द्या." मला भीती वाटली, तरी या वेळी मी मध्ये बोललो नाही.

लेखनिक मिळवणे त्याहून कठीण गेले. तो खालच्या इयत्तेतला लागतो. तीन घरांतून नकार आला. आपल्या मुलाचा वेळ जाईल, ही त्यांची अडचण खोटी नव्हती. शेवटी त्याच शाळेतील नववीची एक मुलगी तयार झाली. सांगून लिहवून घेणे ही स्वतंत्र विद्या आहे. स्वल्पविराम सांगावा लागतो, परिच्छेद सांगावा लागतो, आकृतीतील रेषा कोठून कोठे हे सांगावे लागते. डिसेंबरपासून दोघांनी दर रविवारी सराव केला.

परीक्षेच्या वेळी त्याला स्वतंत्र खोलीत बसवले. "तुझं बरं आहे, तुझा पेपर दुसरंच कोणी लिहितं," असे जवळच्या मित्रांनी म्हटल्याचे त्याला फार लागले. एका पेपरानंतर तो घरी येऊन जेवला नाही. मला बँकेतील अंगठा उठवणारे खातेदार आठवले. दोन साक्षीदारांसमोर अंगठा घेतला की त्यांचा व्यवहार पुरा होई. सही येत नाही म्हणून त्यांच्या ठेवीवर व्याज कमी दिल्याचे मला आठवत नाही. हे त्याला सांगितले. त्याने ऐकून घेतले, समजूत पटली असे म्हणवत नाही.

त्याला ५८ टक्के मिळाले. गणितात ४९. घरात पेढे वाटावेत की नाही यावर थोडा वाद झाला, मग वाटले. पुढे तो वाणिज्य शाखेत गेला. महाविद्यालयात लेखनिकासाठी पुन्हा तीच धावपळ, पुन्हा तेच अर्ज. विशेष शिक्षक शाळांतूनच नेमले गेले असते तर हे ओझे एकेका घरावर पडले नसते. माध्यमिक स्तरावर अशा दर १५ विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितले आहे. आमच्या काळात तालुक्यात शोधूनही सापडत नसत.

नातीचे लग्न ठरले तेव्हा पाहुण्यांना ही गोष्ट आम्ही आपणहून सांगितली. वरपित्यांनी शांतपणे विचारले, "दाखला कोठे मिळतो?" त्यांच्याच घरात सातवीतला एक मुलगा होता.

आज तो दुकानात बसतो. पावती लिहिताना ओठांनी आकडा पुटपुटतो आणि दोनदा तपासतो. हा लेख पाठवण्यापूर्वी मी त्याला वाचून दाखवला. एके ठिकाणी मी 'बिचारा' असे लिहिले होते, तो शब्द त्याने खोडायला लावला. लेखनिक मुलीचे नाव घाला, असा आग्रह धरला. तिच्या घरच्यांना विचारल्याशिवाय ते छापता येत नाही, असे मी म्हणालो. मग निदान एवढे तरी लिहा, असे त्याने सांगितले: तिची स्वतःची वार्षिक परीक्षा तोंडावर असतानाही ती प्रत्येक पेपरला अर्धा तास आधी येत असे. पुढच्या वर्षी ती दहावीला बसली, तेव्हा मार्च २०२० मधला तिचा भूगोलाचा पेपर टाळेबंदीमुळे रद्द झाला. तिच्या अभ्यासासाठी यानेच भूगोलाचे धडे ध्वनिमुद्रित करून दिले होते, स्वतःच्या आवाजात, न अडखळता. त्यासाठी त्याने ते आधी माझ्याकडून ऐकून पाठ केले होते.