न्यूनगंड पोरांच्या डोक्यात की वर्गाच्या भिंतीत?

'न्यूनगंड झटका, आत्मविश्वास वाढवा' अशी शिबिरे आजकाल सर्वत्र भरतात. वर्धा असो, हिंगणघाट असो की आर्वी. व्यक्तिमत्त्व विकासाचे वक्ते येतात, पोरांकडून टाळ्या वाजवून घेतात, 'मी जिंकणारच' असे दहादा म्हणवून घेतात आणि मानधन घेऊन निघून जातात. अशा शिबिरांना आमचा विरोध नाही. आमचा सवाल एवढाच आहे की, ज्या पोराला स्वतःची किंमत कमी वाटते, त्याला ती कमी आहे हे पहिल्यांदा सांगितले कोणी?

या सवालाचे उत्तर अभ्यासकांनी केव्हाच दिले आहे. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे या दोन अर्थतज्ज्ञांनी उत्तर प्रदेशातील सहावी-सातवीच्या मुलांवर एक प्रयोग केला. तो २००६ साली प्रसिद्ध झाला. तथाकथित उच्च जातीची ३२१ आणि खालच्या मानलेल्या जातींची ३२१ मुले घेतली आणि त्यांना कागदावरची भुलभुलैयाची कोडी सोडवायला दिली. जात जाहीर केली नव्हती तेव्हा दोन्ही गटांची कामगिरी जवळपास सारखीच होती. मग मिश्र गटात प्रत्येकाचे नाव, बापाचे नाव आणि जात मोठ्याने वाचून दाखवली. लगेच खालच्या मानलेल्या जातींच्या मुलांची कामगिरी घसरली. मुले तीच, कोडी तशीच, डोकेही तेच! बदलली होती फक्त खोलीतील हवा. मग दोष कोणाचा? पोराच्या बुद्धीचा की त्या हवेचा?

अमेरिकेत केनेथ आणि मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ दांपत्याने १९४० च्या दशकात लहान मुलांपुढे काळ्या आणि गोऱ्या बाहुल्या ठेवल्या. बहुतेक काळ्या मुलांनी गोरी बाहुली 'चांगली' ठरवली. १९५४ साली ब्राऊन खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या, तेव्हा या संशोधनाचा आधार घेतला. वेगळे काढल्याने मुलांच्या मनात कमीपणाची भावना रुजते, हे न्यायालयाने मान्य केले. म्हणजे न्यूनगंड हा घटनेचाही प्रश्न आहे, एकट्या मानसोपचाराचा नव्हे!

आमचा वर्धा जिल्हा तर यातून बरेच शिकू शकतो. २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर केले, त्यात वर्धा होता. २०१५ साली राज्य सरकारने शेतकरी आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांत 'प्रेरणा' हा समुपदेशन प्रकल्प सुरू केला, त्यातही वर्धा होता. शेतकरी खचला तेव्हा आपण कापसाचा भाव, सावकार, बँक, सिंचन यांबद्दल बोललो. त्याचे मन दुबळे आहे म्हणून विषय संपवला नाही. समुपदेशनही मागितले आणि भावही मागितला. हे योग्यच झाले. मग वसतिगृहातील आमचे पोर खचते, तेव्हा त्याला मात्र 'मनाने कमकुवत' का ठरवले जाते? १७ जानेवारी २०१६ ला हैदराबादेत रोहित वेमुला गेला. २२ मे २०१९ ला मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. त्यानंतरही ही भाषा बदललेली नाही.

वकील म्हणून आमच्याकडे पालक येतात. पोरगी कॉलेज सोडतो म्हणते, पोरगा जेवत नाही, वर्गात 'कोट्यातला' म्हणतात, गुणवत्ता यादी लागली की आरक्षणाचा रकाना पाहून हसतात. यावर अॅट्रॉसिटी लागेल का, असे ते विचारतात. कायदा सांगतो की, जातीवरून अपमान लोकांच्या दृष्टीसमोर झाला पाहिजे. बंद खोलीतील टोमणा, टाळलेला शेजार, प्रात्यक्षिकाच्या गटातून वगळणे, हे बहुतेक वेळा त्या कलमात बसत नाही. गुन्हा सिद्ध होत नाही म्हणून जखम खोटी ठरत नाही. नेमके इथेच समुपदेशक लागतो. पण तो जातीचे नाव काढायला न घाबरणारा हवा. 'घरी काही भांडण आहे का?' एवढेच विचारून, 'तू फार संवेदनशील आहेस' असे सांगणारा समुपदेशक जखमेवर मीठच चोळतो.

आणि हा उपकाराचा मामला नाही, हक्काचा आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ चे कलम १८ प्रत्येकाला मानसिक आरोग्य सेवेचा हक्क देते आणि त्यात जातीवरून भेदभाव करायला मनाई करते. कलम २३ गोपनीयतेची हमी देते. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुकदेव साहा प्रकरणात स्पष्ट निर्देश दिले. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवा आणि वंचित घटकांतील विद्यार्थ्यांशी भेदभाव न करता वागण्यासाठी कर्मचाऱ्यांना जागरूक केले पाहिजे. जिल्ह्यातील किती कॉलेजांनी हे केले? माहितीचा अधिकार आपल्या हातात आहे. समुपदेशकाची पात्रता काय, तो कोणत्या दिवशी बसतो, त्याची खोली कुठे आहे, एवढे तीन प्रश्न प्रत्येक संस्थेला विचारले तरी बरेच काही उघडे पडेल.

आता थोडे आपल्या चळवळीबद्दल. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी जे केले, ते न्यूनगंडावरचे सर्वांत मोठे सामूहिक औषध होते. जोहार गेला, जयभीम आला. धोंड्या, कचऱ्या ही नावे जाऊन पाळण्यात सिद्धार्थ, राहुल, सुजाता आले. त्या पिढीची मान ताठ झाली. पण तिच्या नातवंडांची लढाई वेगळी आहे. ती गावकुसाबाहेर सगळ्यांच्या सोबतीने होत नाही, ऐंशी जणांच्या वर्गात एकट्याने होते. अशा पोराला 'बाबासाहेबांचे लेकरू तू, रडतोस काय?' असे म्हणून गप्प बसवणे म्हणजे त्याला पुन्हा एकटे पाडणे होय. बाबासाहेबांनी आपले अपमान लपवले नाहीत. बडोद्यात राहायला जागा मिळाली नाही, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले. अपमान उघड सांगणे ही दुर्बळता असती, तर त्यांनी तो लिहिला असता काय?

म्हणून समाजबांधवांना आमचे सांगणे आहे. रविवारच्या वंदनेनंतर विहारात एक तास पोरांचे ऐकण्यासाठी ठेवा. उपदेश करू नका, ऐका. मात्र झोप उडाली, जेवण सुटले, जगणे नकोसे झाल्याचे पोर बोलू लागले, तर विहारावर थांबू नका. सेवाग्राम, सावंगीच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. टेलीमानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे. डॉक्टरकडे जाणे म्हणजे वेडे होणे नव्हे. उपचार पोराला उभे करतील. आणि त्याला खाली पाडणारी वर्गातील ती हवा बदलण्यासाठी न्यायालय आहे, रस्ता आहे आणि आपण आहोत. जयभीम!