वाळुंजाची रोपं

१२ जुलै १९६१ला पानशेत धरण फुटलं आणि मुठेच्या पुराने पेठांमधले वाडे नेले, हे पुण्यात घरोघरी सांगितलं जातं. काठावरच्या झाडांची गोष्ट मात्र राहूनच गेली. गेल्या साठ वर्षांत त्यांच्यावर जे ओढवलं, ते एका रात्रीत घडलेलं नाही.

मुठेच्या काठाला मुळात उतरंड होती. पाण्यात पाय बुडवून शेरणीची झुडपं आणि वाळुंज. त्यामागे करंज, उंबर, जांभूळ. पूर पोचत नाही अशा उंचीवर वड, चिंच, कडुनिंब. मोठ्या झाडांच्या सावलीत लहान झाडं, वेली, आणि अगदी जमिनीलगत रोपं. आजोबांपासून तान्ह्या बाळापर्यंत सगळ्या वयांची माणसं असावीत, तसा तो काठ भरलेला असे.

वाळुंजाचंच पाहा. पान उलटलं की खालून पांढुरकं दिसतं. वारा सुटला की अख्खं झाड चमकतं. त्याचं कापसासारखं बी जेमतेम काही दिवस जिवंत राहतं. तेवढ्यात ओला, उघडा गाळ मिळाला तरच ते रुजतं. हा गाळ पसरायचं काम पुराचं. पानशेत पुन्हा बांधलं गेलं, वरसगाव आणि टेमघर धरणं झाली, आणि नदीचं वाहणं धरणांच्या दरवाजांवर आलं. शहरात काठावर राडारोडा पडला, भिंती उभ्या राहिल्या. बी उडत राहिलं, पण पडायला जागा उरली नाही.

रिकाम्या जागा सुबाभळीने भरल्या. सत्तर-ऐंशीच्या दशकांत चारा आणि जळण देणारं झाड म्हणून तिचं मोठं कौतुक झालं होतं. तिच्या वाळक्या शेंगा खुळखुळतात तिथे खाली तिचीच रोपं दाटतात. लांबून काठ हिरवागार दिसतो. जवळ जावं तर एकच जात, एकच उंची.

२०२२मध्ये ४४ किलोमीटर नदीकाठ सुधारण्याच्या प्रकल्पाची पायाभरणी झाली. २९ एप्रिल २०२३ला पुणेकरांनी काठावरच्या झाडांना मिठ्या मारून तोडीला विरोध केला. तेव्हापासून वाद झाडांच्या आकड्यांवर होतो आहे: किती तोडणार, किती लावणार. पण शंभर वर्षांच्या उंबराच्या बदल्यात बागेतली दहा रोपं लावली, तरी काठाची उतरंड परत येत नाही. जुनं झाड वाचवायला हवंच. त्याच्या बियांना ओली माती मिळणंही तितकंच गरजेचं आहे.

गेल्या उन्हाळ्याच्या तोंडाशी एका बंधाऱ्याखाली हातभर रुंद गाळाच्या पट्ट्यावर वाळुंजाची बोटभर रोपं दिसली. मोजली, सात होती. ती कुणी लावली नव्हती. एवढा पट्टा जरी जागोजागी मोकळा सोडला, तरी पुढची पिढी नदी स्वतःच वाढवेल.