परकोटाआतील रहिवाशांचे दप्तर
अमरावतीच्या परकोटाआतील बुधवारा व सराफा या वस्त्यांत आणि अकोल्यात मोर्णाकाठच्या जुन्या शहरात शंभर-दीडशे वर्षांपूर्वी कोण राहत होते, याचा शोध घेताना पहिली अडचण राज्यकर्त्यांच्या बदलाची येते. निजामाचे वऱ्हाड १८५३च्या तहाने इंग्रजांच्या ताब्यात गेले, पण त्याचा कारभार हैदराबादच्या रेसिडेंटमार्फत चालत राहिला आणि मध्य प्रांताशी त्याची जोडणी १९०३मध्ये झाली. त्यामुळे एकाच गल्लीचे कागद फारसी, मोडी व इंग्रजीत असून काही हैदराबादला, काही नागपूरच्या अभिलेखागारात, तर काही जिल्हा कचेरीच्या अभिलेख कक्षात विखुरले आहेत.

इंग्लंडमध्ये जुन्या जनगणनेची घरनिहाय पत्रके शंभर वर्षांनी खुली होतात आणि गल्लीतील प्रत्येक घराची माणसे नावानिशी सापडतात. वऱ्हाडात १८६७मध्ये शिरगणती झाली, नंतर दर दहा वर्षांनी होऊ लागली. मात्र कोष्टके छापून झाल्यावर मूळ चिठ्ठ्या जपल्या जात नसल्याने आकडे उरले आणि माणसे गेली.

उरतात ती मालमत्तेची दप्तरे. पेंढाऱ्यांपासून धनिक व्यापाऱ्यांचे रक्षण व्हावे म्हणून १८०७ पासून परकोट उभारला गेलेल्या अमरावतीत मालमत्तेला महत्त्व होतेच. अमेरिकेतील यादवी युद्धाने (१८६१–६५) कापसाचे भाव चढले आणि १८६७मध्ये लोहमार्ग नागपूरपर्यंत पोहोचला, तेव्हा अकोला व अमरावतीत अडत्ये, सावकार आणि मारवाडी पेढ्यांचा जम अधिकच बसला. शहरातील जागेचा हक्कलेख, ज्याला विदर्भात आखीव पत्रिका म्हणतात, त्यात शीट व भूखंड क्रमांक, क्षेत्र, धारक आणि फेरफाराचा तपशील असतो. धारक मरण पावला की त्याचे नाव कंसात जाते आणि खाली वारसांची नावे चढतात, म्हणून एका पानावर तीन पिढ्या एकाखाली एक वाचता येतात. परंतु हे कुटुंबाचे नव्हे, मालकीचे चरित्र आहे. वाड्यातील भाडेकरू, हमाल, दळणकांडण करणाऱ्या बाया यांना या पत्रिकेत जागा नाही. उलट १८९७च्या अमरावती काँग्रेसचे स्वागताध्यक्ष दादासाहेब खापर्डे यांच्यासारख्यांचा ठावठिकाणा शोधण्यासाठी पत्रिका उघडावीच लागत नाही.

भाडेकरूंचा माग मृत्युनोंदीत आणि शाळेच्या दाखल-खारिज नोंदवहीत, म्हणजे विद्यार्थ्यांच्या प्रवेशाच्या व शाळा सोडल्याच्या नोंदीत, लागतो. मृत्यूच्या रकान्यांत नाव, जात, वय आणि कारण एवढेच असते, आणि कारणही बहुधा नुसते ‘ताप’. १८९९–१९००चा दुष्काळ आणि १९१८ची इन्फ्लुएंझाची साथ या दोन्ही काळांतल्या नोंदी त्यामुळे विशेष जपून वाचाव्या लागतात. त्यांतला ताप कोणता, हे एकट्या नोंदीवरून ठरत नाही. स्त्रीची ओळख पुष्कळदा अमक्याची बायको किंवा अमक्याची आई एवढीच उरते. सर्व साधनांत शाळेची नोंदवही अधिक उदार म्हणावी लागेल, कारण मूल शाळेत घालायला वाडा मालकीचा असावा लागत नाही; अर्थात, जी मुले शाळेतच गेली नाहीत त्यांच्या बाबतीत ती मुकी आहे.

या दप्तरांवरची धूळ इतिहासासाठी क्वचितच झटकली गेली. जातपडताळणीसाठी इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७पूर्वीचे पुरावे लागतात, म्हणून वारस कोतवाल बुकाची, अर्थात गावच्या जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदवहीची, नक्कल काढतात. आणि २०२३मध्ये मराठा समाजाच्या कुणबी दाखल्यांसाठी नेमलेल्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या निमित्ताने कुणबी नोंदींचा शोध राज्यभर सुरू झाला, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची वानवा सर्वत्र जाणवली. त्या शोधातून कुणबी नोंद असलेली पाने संगणकावर आली, आणि प्रत्येक पानावर त्या एका ओळीच्या वर-खाली तेली, माळी, मोमीन अशा इतर नोंदीही, कोणी मागितल्या नसताना, आल्या.