गपागप खाणारा, वेड पांघरणारा: गेममधल्या नावांचे गैरसमज

व्हिडिओ गेममधल्या पात्रांची नावे अनेकदा जपानीत सुचतात, इंग्रजीत बदलतात आणि त्या बदललेल्या रूपात जगभर पोहोचतात. त्यामुळे अर्थ शोधणारा इंग्रजी शब्दकोश उघडतो, आणि तिथे त्याला बहुधा चुकीची जुळणी सापडते.

१९८० साली नामको कंपनीसाठी तोरू इवातानी यांनी तयार केलेल्या पॅक-मॅनचे जपानमधले मूळ नाव ‘पक मॅन’. ‘पक’ म्हणजे आइस हॉकीची चकती, पात्रही तसेच गोल, म्हणून हे नाव, असे अनेकजण मानतात. प्रत्यक्षात ते ‘पाकु पाकु’ या जपानी अनुकरणवाचक शब्दावरून आले आहे. तोंडाची उघडझाप करत खाणे, म्हणजे मराठीतले गपागप, हा त्याचा अर्थ. अमेरिकेत पाठवताना मात्र नाव बदलावे लागले, कारण यंत्रावरच्या ‘पक’चे पहिले इंग्रजी अक्षर कोणी जरासे खरवडले असते तर त्याची शिवी झाली असती.

या खेळातल्या चार भुतांचे नुकसान जास्त झाले. इंग्रजीतली ब्लिंकी, पिंकी, इंकी आणि क्लाइड ही नावे नुसती गमतीची वाटतात. जपानी यंत्रावर त्यांचे स्वभाव लिहिलेले होते: पाठलाग करणारा, दबा धरणारा, लहरी आणि वेड पांघरणारा. ही वर्णने अक्षरशः खरी आहेत. लाल भूत थेट खेळाडूच्या मागे लागते. गुलाबी भूत खेळाडूच्या तोंडासमोरची चार घरे पुढची जागा हेरते. निळ्याची चाल लाल भूत कुठे आहे यावरही ठरते, म्हणून ती लहरी भासते. नारिंगी भूत अंगावर चालून येते आणि जवळ आले की आपल्या कोपऱ्याकडे वळते. वेड पांघरून पेडगावला जाणे यापेक्षा वेगळे काय असते? खेळ कसा खेळावा याची किल्लीच त्या नावांत होती, आणि ती भाषांतरात हरवली.

पिकाचूचे नाव पिका या प्राण्यावरून आले, हा समजही असाच. पिका हा हिमालयातही आढळणारा, सशाचा छोटा नातेवाईक. पण नावाशी त्याचा संबंध योगायोगाचा आहे. जपानीत ‘पिका’ म्हणजे लख्खकन चमकणे, आणि ‘चू’ हा उंदराचा आवाज. वीज पाडणाऱ्या उंदराला याहून नेमके नाव शोधणे अवघड आहे.

१९८१ च्या ‘डाँकी काँग’ची दंतकथा जास्त चिवट आहे. मूळ नाव ‘मंकी काँग’ होते, फॅक्स पुसट आला म्हणून माकडाचे गाढव झाले, असे सांगितले जाते. निर्माते शिगेरू मियामोतो यांनी मात्र हा शब्द जाणूनबुजून निवडला होता. त्यांना वानराचा मठ्ठपणा सुचवायचा होता आणि त्यासाठी ‘डाँकी’ योग्य वाटला. ‘काँग’ म्हणजे मोठा वानर हे जपानी लोकांना सहज कळत होते. गाढवाला मठ्ठ ठरवणे मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही.

१९९१ च्या ‘स्ट्रीट फायटर २’मध्ये चक्क नावांची अदलाबदल झाली. लाल गणवेशातल्या हुकूमशहाच्या ‘एम. बायसन’ या नावातल्या ‘एम’चे नाना अर्थ लावले जातात. जपानमध्ये हे नाव त्याचे नव्हतेच. ते मुष्टियोद्ध्याचे होते, आणि त्यातला माइक टायसन उघड दिसत होता. खटल्याच्या भीतीने अमेरिकेत तीन नावे फिरवली गेली: मुष्टियोद्धा बॅलरॉग झाला, नखे लावून लढणारा स्पॅनिश योद्धा वेगा झाला, आणि बायसन हुकूमशहाकडे गेला.

याच खेळात र्यू जिंकल्यावर इंग्रजीत ‘शेंग लाँग’ला हरवण्याची भाषा करतो. हा त्याचा गुप्त गुरू असावा, असे खेळाडूंनी ठरवले. मूळ वाक्यात कोणी व्यक्तीच नव्हती. तिथे ‘शोर्यूकेन’ या ठोशाचा उल्लेख होता. त्यातल्या ‘उसळता ड्रॅगन’ या अर्थाच्या चित्रलिपीचा चिनी उच्चार भाषांतरात आला आणि विशेषनाम होऊन बसला. १९९२ मध्ये एका अमेरिकी गेम मासिकाने एप्रिल फूल म्हणून या गुरूला गाठण्याची रीत छापली, आणि शोध घेणाऱ्यांची झुंबड वाढली.

मुद्दाम दडवलेली नावेही असतात. ‘मॉर्टल कॉम्बॅट’मधला नूब सायबॉट म्हणजे एड बून आणि जॉन टोबायस या निर्मात्यांची आडनावे उलटी लिहून केलेले नाव. त्याच मालिकेतल्या एरमॅकची गोष्ट मात्र उलट आहे. १९९२ च्या पहिल्या खेळाच्या तांत्रिक नोंदींच्या पडद्यावर दिसणारा ‘एरमॅक्स’ हा शब्द चुकांची मोजणी दाखवणारा ‘एरर मॅक्रो’चा संक्षेप होता. खेळाडूंनी त्यात लाल पोशाखातला लपलेला निंजा पाहिला. हा समज इतका पसरला की १९९५ च्या ‘अल्टिमेट मॉर्टल कॉम्बॅट ३’मध्ये निर्मात्यांनी त्या नावाचा, त्याच रंगाचा योद्धा खरोखर उतरवला.