प्लाझ्माला आकार कशासाठी?

अणुकेंद्रांच्या संलयनाची ऊर्जा दोन दशकांत माणसाच्या ताब्यात येईल, असे भाकीत होमी भाभांनी 1955 साली जिनिव्हाच्या परिषदेत केले होते. ती अजून आली नाही, कारण कोट्यवधी अंशांना तापलेला प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित कणांचा वायू, धरून ठेवणे महाकठीण आहे. टोकामॅक या कड्याच्या आकाराच्या यंत्रात हे काम चुंबकीय क्षेत्र करते, आणि त्यात प्लाझ्माच्या आकाराला फार महत्त्व आहे.

गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत 1989 मध्ये सुरू झालेल्या ‘आदित्य’ टोकामॅकमध्ये प्लाझ्माच्या कड्याचा छेद गोल होता. 2016 मध्ये त्याचीच सुधारित आवृत्ती ‘आदित्य-यू’ सुरू झाली. तिच्यातल्या जादा चुंबकीय वेटोळ्यांनी हा छेद बदलता येतो.

छेद उभा लांबवला, की प्लाझ्मातून अधिक विद्युत्प्रवाह सुरक्षितपणे वाहतो आणि उष्णता जास्त काळ टिकते. मात्र लांबट प्लाझ्मा वर किंवा खाली निसटू पाहतो. त्याला सतत जागेवर आणावे लागते.

छेद इंग्रजी ‘डी’सारखा केला, की कड अधिक दाब पेलते. 1982 मध्ये जर्मनीत सापडलेल्या ‘एच-मोड’ या अवस्थेत कडेलगत दाब एकदम चढतो आणि धारणा, म्हणजे उष्णता धरून ठेवण्याची क्षमता, सुधारते. पण चढ मर्यादेबाहेर गेला, की उष्णतेचे झोत भिंतीवर आदळून ती झिजवतात. स्वित्झर्लंडच्या ‘टीसीव्ही’ आणि अमेरिकेच्या ‘डीथ्री-डी’ यंत्रांत ‘डी’ उलटा करून पाहिला, तेव्हा असे झोत टळले आणि धारणाही चांगली राहिली. उद्याच्या वीजकेंद्राची भिंत टिकवायची, तर हा शोध नेटाने पुढे न्यायलाच हवा.